स्टॉपरची निळी बॅग

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. डॉक्टरनं तपासून ‘काही झालेलं नाही’ म्हटलं, की मी ‘म्हणजे नक्की काय झालंय?’ असं विचारतो. माझी बायको रत्नप्रभा म्हणते, अनंतरावांना देवानं दर्शन दिलं तर ते आधी ओळखपत्र मागतील. म्हणू दे. ह्या स्वभावाला कारण आहे आणि ते कारण कोल्हापूरचं आहे.

कोल्हापुरात मी आमच्या पेठेच्या टीममध्ये लेफ्ट हाफ खेळायचो. एका वर्षी फायनलच्या दोन दिवस आधी आमचा स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला खांब, खांद्याला बॅग लावून शेजारच्या पेठेत शिरताना मला दिसला. मी हटकलं, तर म्हणाला, ‘आत्याकडं जेवायला चाललोय.’ मी मान डोलावली. फायनलला तो आलाच नाही, आम्ही चार गोल खाल्ले, आणि पुढच्या मोसमात तो शेजारच्या पेठेच्या जर्सीत उतरला. त्याला आत्याच नव्हती, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून खेळाडूच्या हातात बॅग दिसली की ती कुठल्या दिशेला चाललीय, ते मी आधी बघतो.

पुढे नोकरीसाठी चेन्नईला आलो. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत, तपासणी विभागात. तिथे मला पगारच संशय घेण्याचा मिळायचा, त्यामुळे माझं बरं चाललं. राहायला वेलचेरीत, आणि शनिवार-रविवार तिरुवल्लिकेणीत. तिथे एका टेलरच्या दुकानावर आमच्या ‘तिरुवल्लिकेणी युनियन’ फुटबॉल क्लबाची खोली होती. एक लोखंडी कपाट, दोन बाक, आणि मी मानद मॅनेजर. मानद म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं.

२००६ साली आमच्याकडे सेन्यो अग्बेको आला. घानाचा, समुद्रकाठच्या गावचा, साडेसहा फुटाला थोडा कमी. त्याची कारकीर्द एका कागदावर मावत होती: ढाका, काठमांडू, गोव्यात दोन मोसम, कोलकात्यात दुखावलेला गुडघा, आणि मग आम्ही. स्टॉपरचं आयुष्य हे असंच. गोल करणाऱ्याला लोक गावोगाव बोलावतात. गोल अडवणाऱ्याला स्वतः दारं वाजवत फिरावं लागतं. वयाची बत्तीस वर्षं उलटली होती त्याची. ‘अजून एक चांगला क्लब,’ तो म्हणायचा, ‘दोन वर्षं. मग गावी जाऊन मुलांना शिकवीन.’

खेळताना तो फारसा धावायचा नाही. बॉल जिथे येणार, तिथे आधीच उभा असायचा, आणि मागून बोलत राहायचा. ‘वेंकट, लेफ्ट. वेंकट, पाठीमागे बघ.’ वेंकट आमचा साइडबॅक, बँकेत कारकून. सेन्यो बोलायला लागल्यापासून त्याला फुटबॉल कळायला लागला. तेरा सामन्यांत आम्ही सहा गोल खाल्ले. आदल्या वर्षी तेवढे दोन सामन्यांत खाल्ले होते.

तो आला त्याच दिवशी मी त्याचा पासपोर्ट क्लबाच्या कपाटात ठेवायला मागितला. सगळे क्लब तसंच करायचे, ‘सुरक्षित राहावा म्हणून’. त्यानं खिशातून काढून दिला. मी म्हटलं, पोचपावती लिहून देतो. तो हसला. ‘बॉस, घरच्या माणसाकडून कसली पावती?’

राहण्याची सोय करताना मात्र घाम फुटला. तिरुवल्लिकेणीत मॅन्शनांना काय तोटा, एकट्या पुरुषांना खोल्या देण्यावरच तो भाग जगतो. पण सेन्योला बघितलं की प्रत्येक मॅनेजरची खोली भरलेली असायची. एकानं तर मला बाजूला घेऊन विचारलं, ‘हा रात्री काय करतो?’ मी म्हटलं, झोपतो. मला त्या माणसांचा भयंकर राग आला होता. नुसत्या रंगावरून माणूस जोखतात, म्हणून मी घरी येऊन रत्नप्रभासमोर तासभर तणतणलो. हे लक्षात ठेवा.

शेवटी कृष्णवेणी टीचरनी वरची खोली दिली. ह्या तंजावरच्या मराठी बाई, मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झालेल्या. त्यांचं मराठी मला बारा आणे कळायचं, माझं त्यांना चौदा आणे. सेन्योला आपादमस्तक बघून त्या मला म्हणाल्या, ‘कांदा-लसूण घरांत येणार नाही. दिवा लावताना ह्याची पायताणं उंबऱ्यांत नक्को. सरी?’ बास, एवढीच चौकशी. महिन्याभरात त्या त्याला ‘सेनू’ म्हणायला लागल्या, आणि तो त्यांचा दहीभात लोणच्याशी खाऊन ‘पोदुम, टीचर, पोदुम’ म्हणत ताट बाजूला सारायला लागला.

तर २००७ चा मार्च. शेवटचा सामना रविवारी, एन्नोर हार्बर क्लबाशी. आम्हाला नुसती बरोबरी पुरत होती. बरोबरी झाली असती तर युनियन पंचवीस वर्षांत पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनला गेली असती. मी ऑफिसात स्क्रू तपासतानाही मनातल्या मनात टीम लावत होतो.

सोमवारी सरावाला गेलो, तर सेन्यो मैदानाच्या कोपऱ्यात मोबाइलवर बोलत होता. मला बघून आवाज खाली आणला. मी जवळ गेलो तर फोन ठेवलाच. ‘कोण?’ ‘मित्र, बॉस.’ मित्र असता तर फोन ठेवायचं काय कारण?

मंगळवारी तो चहाच्या टपरीवर एका अनोळखी माणसाबरोबर दिसला. जाडसर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटात अंगठी, आणि डोळ्यांवर हा एवढा काळा चष्मा. तोही संध्याकाळी सहाला, सावलीत बसून. मी लांबूनच बघत राहिलो. दलाल मी कोल्हापुरात पुष्कळ पाहिलेत. ते असेच डोळे लपवून बसतात.

बुधवारी सेन्यो क्लबात आला आणि म्हणाला, ‘बॉस, माझा पासपोर्ट हवा होता. रविवारपर्यंत.’

‘कशाला?’

तो क्षणभर थांबला. माणूस खरं बोलणार असला की थांबत नाही, असं मी त्या वेळी मानत होतो. ‘काम आहे,’ म्हणाला.

‘कपाटाची किल्ली खजिनदारांकडे आहे,’ मी सांगितलं. ‘ते तिरुपतीला गेलेत. रविवारी मॅच झाल्यावर बघू.’ किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती, मांडीला टोचत होती. तो ‘बरं’ म्हणाला आणि गेला. एका शब्दानं वाद घातला नाही, ह्याचाही मला संशय आला.

आणि मग शुक्रवार उजाडला. सामन्याचे फॉर्म सह्या करून घ्यायला म्हणून मी अर्धी रजा टाकून तिरुवल्लिकेणीत गेलो होतो. सकाळचे साडेनऊ. टीचरांच्या गल्लीच्या तोंडाशी वळलो आणि जागीच थबकलो. सेन्यो घरातून बाहेर पडत होता. हातात त्याची निळी बॅग, तीच, जिच्या पट्ट्याला तो बूट बांधायचा. बूट लटकत होते. दारात कृष्णवेणी टीचर उभ्या होत्या, घड्याळाकडे बघत त्याला चल चल अशी खूण करत होत्या. सेन्यो डावीउजवीकडे बघत चार घरं खाली गेला आणि एका दारात शिरला. तीन-चार मिनिटांनी बाहेर आला तो मोकळ्या हातांनी.

ते दार व्यासराजचं होतं. व्यासराज म्हणजे कृष्णवेणी टीचरांचा चुलतभाऊ आणि एन्नोर हार्बरचा कोच.

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. अगदी खरं सांगतो, मला रडू येत होतं. वीस वर्षांपूर्वीची ती दुसरी बॅग डोळ्यांपुढे आली. फोन, काळा चष्मा, पासपोर्ट आणि आता बॅग, सगळं एका ओळीत बसलं. टीचरही सामील. म्हणजे दहीभात खाऊ घालून भावासाठी माणूस फोडला. रविवारी हा नावाला आमच्याकडून उतरणार, दोन बॉल मुद्दाम सोडणार, आणि सोमवारी एन्नोरची जर्सी घालणार. मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला आत्या सुचली असती.

घरी रत्नप्रभाला सांगितलं. ती म्हणाली, ‘अहो, विचारा ना सरळ.’

‘चोराला विचारायचं का, चोरी करणार आहेस का म्हणून?’

‘तो चोर आहे, हे कुणी ठरवलं?’

माझं ठरलं होतं.

रविवारी तीनला मी टीम वाचून दाखवली. स्टॉपरच्या जागी वेंकट. सगळे माझ्याकडे बघायला लागले. वेंकटचं तोंड तर पांढरं पडलं. सेन्यो बुटाची लेस बांधत होता, त्याचे हात थांबले. हे बूट त्यानं कुणाचे तरी मागून आणले होते, कारण त्याचे स्वतःचे व्यासराजच्या घरी. तेही मी मनात टिपून ठेवलं.

‘बॉस, मी का नाही?’

‘तुला माहीत आहे.’

‘नाही माहीत.’

‘मग बाकावर बसून आठव.’

विसाव्या मिनिटाला एन्नोरला पहिला कॉर्नर मिळाला. बॉल उंचावरून आला, वेंकट जागेवरच घुटमळला, आणि त्यांच्या उंच पोरानं डोक्यानं आत घातला. सेन्यो असता तर त्यानं उडीही न मारता बाहेर काढला असता. हाफटाइमला आम्ही एक गोल मागे होतो. सेन्यो माझ्यापाशी आला. एवढा उंच माणूस, पण वाकून, हळू आवाजात बोलला.

‘बॉस, दहा मिनिटं तरी घ्या मला. वर स्टँडमध्ये एक माणूस बसलाय. तो मला बघायला आलाय. फक्त मला.’

मी वर बघितलं. पांढरा शर्ट, काळा चष्मा. स्वतःच्या तोंडानं कबूल केलंस की, असं मनात म्हटलं. आणि त्याला म्हणालो, ‘सौदा करायला दुसरं मैदान बघ. माझ्या मैदानात नाही.’

त्याला माझं बोलणं कळलं नसावं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग जाऊन बाकावर बसला. थोड्या वेळानं मी पुन्हा वर पाहिलं तेव्हा काळा चष्मा उठून जिना उतरत होता. मला समाधान वाटलं. डाव फसला, असं वाटलं. सत्तराव्या मिनिटाला आम्ही दुसरा गोल खाल्ला, पुन्हा कॉर्नरवरून. युनियन खालच्याच डिव्हिजनला राहिली.

पोरं माना खाली घालून कपडे बदलत होती, तेव्हा कृष्णवेणी टीचर कुंपणाच्या दारातून आत आल्या. त्या कधी मैदानावर यायच्या नाहीत. हातात स्टीलचा डबा होता.

‘अनंतराव, सेनू खेळला का नाही? त्याला लागलं काय?’

माझं टाळकं आधीच तापलेलं होतं. ‘तुमच्या भावाला विचारा,’ मी म्हणालो. ‘बॅग त्याच्याच घरी आहे ना? शुक्रवारी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.’

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशा बेरीज चुकवणाऱ्या मुलीकडे बघत असतील. ‘ती प्रस्थान ठेवली मी,’ त्या म्हणाल्या.

‘काय?’

‘प्रस्थान, बा. आज आदित्यवार, अष्टमी. अष्टमीला कोण प्रवासाला निघल? शुक्रवारी षष्ठी, वेळ बरी होती. मणून सांगिटलें, कण्णा, तुझी पेट्टी आज भाईर पडली कीं तूं निघालासच. मग अष्टमी काय करल? मालेला जायाचं मणजे दक्षिण दिशा. गल्लींत दक्षिणेला ओळखीचं घर एकच, व्यासराजचं. तो कुठल्या टीमचा मणून मी विचारत बसूं काय?’

‘माले?’

‘मालदीव. ते मणिकू साहेब तिकडच्या क्लबाचे. डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला चेन्नईला आले. आज ह्याचा आट, मणजे खेळ, पाहून संध्याकाळच्या गाडीला, पुढं विमानानं, बरोबर घेऊन जाणार होते. दोन वर्षं मणाले.’ त्यांनी डबा बाकावर ठेवला. ‘गाडींत खायाला दहीभात आणला मी.’

ऑपरेशन. चष्मा त्यासाठी होता.

इथे मला जे सांगायचं आहे ते नीट सांगतो, कारण त्यात माझी लाज आहे. प्रस्थान म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी नोकरीवर रुजू व्हायला चेन्नईला निघालो, तो दिवस पंचांगात वाईट होता. आईनं दोन दिवस आधीच चांगली वेळ बघून माझा एक शर्ट, त्यात तांदूळ आणि सुपारी बांधून, शेजारच्या काकूंच्या घरी नेऊन ठेवला होता. निघताना मी तो उचलला आणि स्टेशनवर गेलो. कोल्हापुरात आमच्या अख्ख्या गल्लीनं एकमेकांची प्रस्थानं सांभाळली आहेत. टीचरांच्या जागी माझी आई असती, आणि सेन्योच्या जागी मी, तर गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मला एका क्षणात कळलं असतं. पण घानाच्या माणसाच्या बॅगेचंही कुणी मायेनं प्रस्थान ठेवील, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. माझा शर्ट शेजारी गेला तर ते प्रस्थान, आणि त्याची बॅग शेजारी गेली तर तो पळ. मॅन्शनच्या मॅनेजरांवर तणतणणारा मी.

सेन्यो बाकावर बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. ‘मला सांगितलं का नाहीस?’

‘ढाक्यात सांगितलं होतं,’ तो म्हणाला. ‘मॅनेजरला. चांगली ऑफर आहे, मोसम संपला की जाईन, असं. त्यानं दुसऱ्या दिवसापासून मला खेळवलं नाही. पासपोर्ट दोन महिने दिला नाही. म्हणून ह्या वेळी ठरवलं, आधी खेळायचं, मॅच जिंकून द्यायची, मग सांगायचं. तुम्ही तसे नाही, असं टीचर म्हणत होत्या. सांग त्यांना, म्हणत होत्या. मी नाही ऐकलं.’

मी खिशातून किल्ली काढली. धावत क्लबात गेलो, पासपोर्ट आणला, बॅगेसाठीही न थांबता सेन्योला रिक्षात घालून सेंट्रल स्टेशन गाठलं. मणिकू साहेब डब्याच्या दारात उभे होते. मी सगळं सांगितलं, हात जोडले, चूक माझी आहे, हा खेळाडू हिरा आहे, म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘सर, मी कमिटीला काय सांगू?’ ते म्हणाले. ‘ज्याला त्याचा स्वतःचा मॅनेजर शेवटच्या मॅचला बसवून ठेवतो, त्याला मी घेऊन आलो? बघितलं असतं तर बोललो असतो.’ ते सेन्योशी हात मिळवून आत गेले, आणि गाडी सुटली.

मी महिनाभर मालेला फोन लावत राहिलो. शेवटी कळलं, त्यांनी कॅमेरूनचा कुणी स्टॉपर घेतला, चोवीस वर्षांचा.

बॅग व्यासराजच्याच घरी राहिली. मी टीचरांना म्हटलं, परत आणू या. त्यांनी मान हलवली. ‘एकदां ठेवलेलं प्रस्थान घरांत मागं आणाचं नाही. तिथूनच पुढं जायाचं. कुठंही जाऊं दे.’ सेन्यो कपडे बदलायला चार घरं खाली जायचा, जेवायला टीचरांकडे यायचा. आमच्या सरावाला तो आला नाही आणि मी बोलावलं नाही. कुठल्या तोंडानं बोलावणार?

एप्रिलच्या शेवटी तो क्लबात आला. बरोबर ती निळी बॅग. मी त्याला बसायला बाक पुसून दिला. ‘सोडचिठ्ठी हवी होती,’ तो म्हणाला. क्लबानं खेळाडूला मोकळं केल्याचं पत्र. ‘आणि पासपोर्ट.’ स्टेशनवरून परतताना त्यानंच तो कपाटात ठेवायला पुन्हा माझ्या हातात दिला होता. त्या संध्याकाळी त्याला कशातच रस नव्हता.

‘कुठे?’ मी विचारलं, खरं तर मला कळलं होतं.

‘एन्नोर. व्यासराज एक वर्ष खेळ म्हणतात. कोळीवाड्यात खोली दिलीय. समुद्र जवळ आहे.’ तो किंचित हसला. ‘वीजकेंद्राच्या राखेचा वास येतो, पण समुद्र आहे.’

मी ज्याचा संशय घेतला होता, तेच आता घडत होतं, आणि ते मीच घडवून आणलं होतं. मी पत्र लिहिलं, सही केली, शिक्का मारला. कपाट उघडून पासपोर्ट काढला आणि दोन्ही हातांनी त्याला दिला.

त्यानं तो उघडला. आधी फोटो पाहिला. मग एक एक पान उलटत गेला, उजेडाकडे धरून, घाई न करता. मला वाटलं तो जुने शिक्के बघतोय, ढाका, काठमांडू. मग लक्षात आलं की तो पानं तपासतोय. सगळी आहेत का, कुठलं फाटलंय का. शेवटच्या पानापर्यंत गेला. मग पासपोर्ट मिटून म्हणाला, ‘सर, एक कागद लिहून द्याल? पासपोर्ट मला परत दिला, क्लबाकडे माझं दुसरं काही नाही, असा. तारीख घालून.’

आजवर तो मला बॉस म्हणायचा. मी कागद घेतला, लिहिलं, तारीख घातली. त्यानं दोनदा वाचलं, घडी घातली आणि निळ्या बॅगेत ठेवून चेन ओढली.